राष्ट्राध्यक्षांना खडे बोल

“बाबा, अमेरिकेवरचा तो लेख आधी काढा!” तिकडून सुट्टीवर आलेली लेक कडाडली. “परवा माझी व्हिसाची मुलाखत आहे. हल्ली म्हणे घरच्यांचं फेसबुकही बघतात.”

माझी छाती फुगली. इराक युद्धापासून टॅरिफपर्यंत एकाही राष्ट्राध्यक्षाला मी कराडहून खडसावायचं सोडलं नव्हतं. अखेर तिकडे दखल घेतली गेली!

“लेखणी झुकणार नाही,” मी ताठ मानेनं म्हणालो.

“तिकडची नोकरी जाईल हो माझी!”

मी निमूट लेख काढला. वर खबरदारी म्हणून नायगारा धबधब्याचा फोटो टाकून लिहिलं, ‘किती सुंदर देश!’

संध्याकाळपर्यंत त्यावर लाइकचा ढीग पडला. लेखाला एकच होता, बायकोचा.

“निदान तुला तरी माझं परराष्ट्र धोरण पटलं होतं,” मी तिला म्हणालो.

“छे हो, चुकून बोट लागलं होतं.”