औसेपचं पोट

"औसेप अच्चाया, पोट कुठं गहाण टाकलंत?" माडीच्या दुकानात एक गिऱ्हाईक ओरडलं आणि सगळी बाकं हसली.

दुकानाचा आचारी औसेपही हसला. केरळातल्या त्या कुट्टनाडात त्याच्या हातच्या बदकाच्या रश्श्याइतकंच त्याचं पोट नावाजलेलं होतं. आता लुंगी कमरेवर टिकत नव्हती. माडी बंद, तळलेली मासळी बंद, आणि सारखे कोट्टयमच्या मोठ्या इस्पितळात हेलपाटे. सोबतीला बायकोला नेलं, की आलोच आहोत तर म्हणून तिचंही रक्त काढायला लावायचा.

मागच्या पायरीवर कोळंबी सोलणारी त्याची बायको थ्रेस्या मात्र हसली नाही. तिचे सासरे लिव्हरनं गेले होते. तेही आधी असेच वाळले होते.

कोळंबीनं खाजणारे तळवे पातळाला पुसत तिनं आरोग्य केंद्र गाठलं. "खरं सांग लिसी, लिव्हर बिघडलं की काय दिसतं?"

"डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते," लिसी सिस्टर म्हणाली. "खाज, थकवा, पायांवर सूज, पोटात पाणी. रक्ताची उलटी झाली तर धावतच यायचं."

"माडीनंच होतं ना?"

"माडीनं होतं, चरबीनं होतं, विषाणूंनी होतं. काहींचं तर स्वतःचं शरीरच यकृतावर उलटतं. त्यांनी थेंबही घेतलेला नसतो."

"मग आमच्या ह्यांचं कुठलं?"

सिस्टरनं समोरची वही मिटली. "थ्रेस्या चेच्ची, ते तुम्ही औसेप अच्चायनलाच विचारा. तुमचं कसं आहे?"

"मला काय धाड भरलीय!"

दुपारी औसेप आडवा झाला, तशी थ्रेस्यानं हळूच त्याची पापणी उचलली. डोळा पांढराशुभ्र. नडगी दाबून पाहिली. खड्डा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. पण यकृतातली चरबी वर्षानुवर्षं मुकी राहते, हे तिनं ऐकलं होतं. जिभेवर एवढा ताबा ठेवणारा माणूस, आणि घाबरला असेल तरी एक शब्द बोलत नव्हता. त्याच्याकडे कौतुकानं बघता बघता तिचाच बसल्या जागी डोळा लागला. हल्ली असंच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी कोट्टयमहून येताच तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "लिव्हर साफ झालं. चरबीचा मागमूस नाही."

थ्रेस्यानं छातीवर क्रूस केला आणि रडायलाच लागली. "माझ्यापासून लपवलंत! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू अडवलं असतंस. म्हणून रोग आणि उपाय एकदमच सांगायचं ठरवलं."

"जाऊ द्या. बरे झालात, बास."

औसेपनं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आजारी मी नव्हतोच, थ्रेस्या. चरबीचं लिव्हर दुसऱ्याला चालत नाही म्हणून वाळलो. आता त्यातलं अर्धं काढून तुला बसवणार आहेत."