दहा म्हणजे दहा

दहाला वीस कमी.

चार नंबरच्या केबिनमध्ये ट्रंक होती, माणूस नव्हता.

'ओरायन'चा पहिला अधिकारी मॅकार्डल यादी घेऊन कॅप्टनकडे गेला. जानेवारीची एक तारीख. ईस्ट नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर आदळत होते आणि पलीकडच्या ब्रुकलिनहून येणारी फेरीबोट त्यात अडकून पडली होती.

"तो त्या फेरीबोटीवर आहे," मॅकार्डल म्हणाला.

कॅप्टन बर्सलीने दुर्बीण डोळ्याला लावली, खाली ठेवली.

दहाला बारा कमी.

न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला जाणारी या कंपनीची जहाजं एक आणि सोळा तारखेला, सकाळी दहाला सुटत. भरलेली असोत वा रिकामी, वादळ असो वा बर्फ. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. धक्क्यालगतच्या साउथ स्ट्रीटचे दुकानदार 'ओरायन'ची शिडं बघून भिंतीवरची घड्याळं लावत. बर्सली हे कधी बोलून दाखवत नसे, पण त्या रस्त्यावरून चालताना त्याची मान जरा ताठच असे.

मॅकार्डलने त्या प्रवाशाची हकिकत हळू आवाजात पुन्हा सांगितली. मुलगी लिव्हरपूलला दिलेली. तिची छाती बिघडली होती. डॉक्टरांनी लिहिलं होतं, पहिल्या जहाजाने या, दुसऱ्याचा भरवसा देत नाही.

बर्सली म्हणाला, ते पत्र आपणही वाचलं आहे.

दहाला पाच कमी.

फेरीबोट मोकळी झाली. कठड्याशी उभा असलेला एक कापसाचा व्यापारी मोठ्याने म्हणाला, मालकाचं काय जातंय, शेकोटीपाशी बसून घड्याळच तर बघायचंय. दोघंतिघं हसले. कॅप्टनने नुसतं वळून पाहिलं, तसे गप्प झाले.

"पाच मिनिटं थांबा," मॅकार्डल म्हणाला. "या माणसासाठी थांबलात तर मालक एक शब्द बोलणार नाहीत."

"नाही बोलणार. म्हणूनच थांबता येत नाही." बर्सली म्हणाला. "आज याच्यासाठी थांबलो, तर सोळा तारखेला दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? त्यांच्या मुली काय मुली नाहीत?"

दहा.

चर्चची घंटा सुरू झाली. रस्त्याच्या टोकाकडून एक म्हातारा धावत येत होता. बर्फावरून घसरला, पडला, उठला. हमालांनी हातगाड्या बाजूला ओढून त्याला वाट करून दिली. वीस पावलं उरली होती.

"दोर सोडा," कॅप्टन म्हणाला.

धक्का आणि जहाज यांच्यात हातभर पाणी दिसलं. मग पुरुषभर. मग वाफेच्या बोटीने 'ओरायन'ला पुढे ओढून घेतलं.

धक्क्यावरची गर्दी म्हाताऱ्याकडे वळली. आता तो शिव्या घालणार, असंच सगळ्यांना वाटलं. तो अगदी कडेला धापा टाकत उभा राहिला. जहाजाच्या मागच्या टोकाला बर्सली त्याच्याकडेच तोंड करून उभा होता. त्याने नजर चुकवली नाही.

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

कंपनीचा कारकून लेम्युएल कचेरीतून धावत आला होता, तो जागीच थबकला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा माणूस प्रार्थनेखेरीज कुणापुढेही टोपी काढत नाही. गव्हर्नरापुढेही न काढलेली ती टोपी 'ओरायन'चे मालक जेथ्रो हॅलॉक आज आपल्याच पगारी कॅप्टनपुढे काढून उभे होते.