ओले टॉवेल

चक्रीवादळातल्या मृतांची खात्री करायचं काम माझ्याकडे आलं. नात्यातल्या कोणीतरी ओळखल्याशिवाय आम्ही एकही मृत्यू आकड्यात धरत नाही. त्यातलं एक अक्षर मी घरी काढत नाही.

घरात आम्ही दोघंच, तरी रोज संध्याकाळी दोरी ओल्या टॉवेलांनी भरलेली.

"अहो, एवढे टॉवेल कशाला?"

"पाहुणे येतात गं. चिंब भिजलेले असतात बिचारे."

मी हसले. निवृत्तीनंतर ह्यांच्या थट्टेला नुसता ऊत आलाय.

पण हळूहळू लक्षात आलं. शवागारात बेवारस म्हणून जेवढे उरत, तेवढेच टॉवेल दोरीवर असत. नातेवाईक येऊन आपापलं माणूस घेऊन जात, तसे टॉवेलही कमी होत गेले.

आज शेवटी एकच राहिली, चारेक वर्षांची मुलगी. तिला ओळखणारं कोणीच आलं नाही.

घरी पोचले, तर दोरीवर एकच टॉवेल, माझा मऊ पिवळा. ह्यांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. तुझी वाट बघून बघून आत्ताच झोपलीय."

ह्यांचा डावा खांदा ओलाचिंब होता.

आतून एक बारीकशी शिंक आली.

"बघ," हे हळहळले, "झालीच सर्दी."