चौथं बोट

"हात इकडं कर," छबूबाई म्हणाली.

ज्ञानेशनं उजवा हात आईपुढं केला. तिनं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वाकवलं, दोन्हीवर मिळून रबर चढवलं.

"घट्ट न्हाय ना?"

"न्हाय. बास."

त्यानं कीबोर्ड चालू केला. सा रे ग, अंगठा खालनं, म प ध, अंगठा खालनं, नी सा. परत खाली. वॉर्मअप चाळीस वेळा, मग स्केल. छबूबाई शेजारी भेंडी निवडत बसली. मधेच रबर सटकलं, तर तिनं मान वर न करता सांगितलं, "ज्ञाना, ते बोट वर आलं बघ."

अडीच वर्षं काटेवाडीतल्या त्या घरात रोज सकाळी असंच चालायचं.

महिपतीतात्या, त्याचा चुलता, दारातनंच बोलला, "काय रं, अजून पाढेच चाललेत व्हय? मोटर कोण चालू करायची? आन् तू पुण्याला गेल्यावर हितं कोण बघायचं, तुझी पेटी?"

"शिकू द्या की भावजी," छबूबाई म्हणाली. "दुसरा कसला नाद हाय का त्याला?"

ज्ञानेशचं असं आई हेच एक माणूस. बाप गेल्यापासनं तर जास्तच.

रविवारी पुण्याच्या संगीत कॉलेजात निवड होती. पियानोला चार जागा, आणि वीसच्या आतलीच पोरं घेतात. ज्ञानेशला पुढच्या महिन्यात वीस पुरी होणार होती. म्हणजे हीच एक संधी.

बारामतीच्या राजेश्वरी मॅडमकडं तो दर शुक्रवारी जायचा. एका वेळी एकच विद्यार्थी, असा त्यांचा नियम. पियानो त्यांच्या मुलाचा. मुलगा जर्मनीला गेला, तो पाच वर्षांत एकदाही आला नव्हता. मॅडमची बोटं सांधेदुखीनं आखडलेली, त्यामुळं त्या वाजवून दाखवायच्या नाहीत, नुसतं सांगायच्या. "भजनात पेटी वाजवून तुझा हात बसलाय. तुला तीनच बोटं. चौथं आणलंस तर लय जाईल. आणि ते व्हिडिओ बघत बसायचं नाही, हात बिघडतो."

त्यानं एकही व्हिडिओ बघितला नाही.

पुण्यात परीक्षक बाईंनी त्याला दुसऱ्या सप्तकातच थांबवलं.

"बाकीची बोटं?"

"ती न्हाय लावत मी."

"काही इजा झालीय?"

"न्हाय."

त्यांनी त्याचा हात पियानोवर ठेवला आणि फक्त चौथं बोट उचलायला सांगितलं. ते नुसतं थरथरलं.

"कान फार चांगलाय तुझा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे मोडून नवा हात बसवायचा म्हणजे दोन-तीन वर्षं. आम्हाला तेवढं थांबता येत नाही. कुणी शिकवलं?"

त्यानं नाव सांगितलं नाही.

बाहेर येऊन त्यानं कन्हेरी गावच्या निकिताला फोन लावला. ती मंगळवारी मॅडमकडं शिकायला असायची.

"निकिता, मॅडम तुला किती बोटं लावायला सांगतात?"

"पाच. का? तुला सहावं फुटलंय व्हय?"

त्यानं फोन ठेवला.

बारामतीला उतरून तो घरी गेलाच नाही. मॅडमनी दार उघडलं आणि त्याच्याकडं बघून त्या बाजूला झाल्या.

"चहा टाकते."

"नको. निकिताला पाच, मला तीन. का?"

मॅडम खुर्चीत बसल्या.

"मला ठाव हाय मॅडम," तोच म्हणाला. "आमच्या तात्यानं सांगितलं ना तुमाला? मी जावं असं त्याला पहिल्यापासनं वाटत न्हाय."

"तुझ्या तात्यांचा फोन काल आला होता. पहिल्यांदाच."

"काय म्हणला?"

"पुण्यात पोराला पियानो भाड्यानं मिळतो का, विचारत होते. खोलीत मावेल असा."

ज्ञानेश पियानोच्या स्टुलावर बसला.

"मग कुणी?"

मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू क्लास लावलास ना, त्याच आठवड्यात तुझी आई आली होती. म्हणाली, शिकवा, पण लांब जाईल एवढं नको."