आठ शनिवार

"ही शिडी बघा, आजोबा. उतराल कसेबसे, पण वर यायला तुम्हाला क्रेन लागेल," झुल्मा म्हणाली.

एवारिस्तो फेरेरो काठीवर रेलून तलावाकडे बघत राहिले. सकाळपासूनचा हा दुसरा क्लब. पहिल्याचा तलाव छताखाली होता आणि छतच दुरुस्तीला काढलं होतं. इथे पाणी होतं, पण उतरायला भिंतीत ठोकलेली उभी लोखंडी शिडी. सप्टेंबरात खुब्याचं हाड मोडलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे दुसराही खुबा मोडून घेणं.

"आता राहिला एस्त्रेया," झुल्मा म्हणाली.

"तिथे नको."

"का?"

"गर्दी असते."

"काल म्हणालात लांब आहे. परवा म्हणालात पाणी गार असतं. या जानेवारीच्या उन्हात गार पाणी नको म्हणणारे तुम्हीच पहिले."

झुल्मा शेजारच्या पाराग्वाय देशातून कामाला आलेली. एवारिस्तोंच्या मुलीने, मिर्ताने, दूर कोर्दोबा शहरातून फोनवरच तिला त्यांच्या देखभालीला ठेवलं होतं. मार्चमध्ये मिर्ता येणार होती. तोवर बाबा काठीशिवाय चालले तर घरी राहतील, नाहीतर वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खाट ठरलेली होती. त्यावर उपाय एकच, दोन महिने पाण्यात व्यायाम. एक्स-रे खिडकीशी धरून एवारिस्तोंनी हे आधीच सांगितलं होतं; व्यायाम शिकवणाऱ्याने नंतर तेच सांगितलं. म्हाताऱ्याला सगळंच कळतं, असं झुल्माला वाटायचं आणि त्याचा तिला रागही यायचा.

गावातले उघडे तलाव उन्हाळ्यात, म्हणजे इथे जानेवारी-फेब्रुवारी एवढेच चालायचे. पोहणाऱ्याला कातडीचा रोग तर नाही, याची तपासणी फक्त शनिवारी, आणि डॉक्टरचा शिक्का नसेल तर पाण्यात पाऊल टाकू देत नसत. आज पहिला शनिवार होता.

एस्त्रेयाच्या फाटकाशी येईपर्यंत एवारिस्तोंना दम लागला. झुल्माने त्यांना बाकावर बसवलं, थर्मासमधून गरम पाणी पाल्यावर ओतून माते, इकडचा कडवट चहा, केला आणि त्यांच्या हातात दिला.

"आता खरं सांगा. काय खुपतंय?"

त्यांनी नळीने एक घोट घेतला. "ही जमीन नगरपालिकेची. देताना अट घातली होती, शनिवारी रुळांपलीकडच्या वस्तीतल्या पोरांना फुकट पोहू द्यायचं. क्लबवाल्यांना ती पोरं आपल्या पोरांबरोबर पाण्यात नको होती. पण तोंडावर नाही कसं म्हणणार? मग तपासणीत अडवायचं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बघायचं आणि म्हणायचं, बुरशी आहे, पुढच्या शनिवारी ये."

"आणि नसायची?"

"कुणालाच नसायची."

झुल्मा स्वतः असल्याच वस्तीत वाढलेली. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतके दिवस या माणसाला आपण उगाच खडूस म्हणत होतो, असं तिला वाटलं.

"एक मुलगी होती," ते म्हणाले. "दहा-अकराची. खांद्यावर लाल टॉवेल टाकून यायची. बाकीची पोरं दोन-तीन खेपांनंतर नाद सोडायची. ही अख्खा उन्हाळा आली. आठच्या आठ शनिवार. शेवटच्या खेपेला पाय इतके घासून आली होती की कातडं सोलवटलं होतं."

"तो डॉक्टर मेला असेल एव्हाना."

"नाही. आहे."

"मग मरताना त्याच्या तोंडात पाणी घालायला कुणी नसो." तिने थर्मासचं झाकण गच्च लावलं. "उठा आजोबा. त्याच्या नाकावर टिच्चून पोहायचं आता."

एवारिस्तो उठले. तलावाच्या पायऱ्या रुंद होत्या, दोन्ही बाजूंना कठडा होता. कडेला दोन बायका पाय सोडून बसल्या होत्या आणि कुणाचं तरी पोर पाण्यात धबाधब उड्या मारत होतं. खिडकीवर झुल्माने अर्ज भरला. हाच क्लब, दुसरा नाहीच, असं तिने तिथल्या माणसालाही सांगून टाकलं.

तपासणीची खोली तीच होती. पडदा तेवढा बदललेला. एवारिस्तो आत शिरले आणि टेबलाला वळसा घालून सरळ खिडकीजवळच्या स्टुलाकडे निघाले.

"तिकडे कुठे? ती डॉक्टरबाईंची जागा," झुल्माने त्यांना दंडाला धरून वळवलं आणि बाकावर बसवलं. बूट काढले, मोजे काढून हातात धरले.

डॉक्टरबाई पंचेचाळिशीच्या असतील. त्यांनी अर्ज घेतला, नाव वाचलं. बराच वेळ वाचलं. मग केस बघितले, काखा बघितल्या आणि स्टूल पुढे ओढून त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"वस्तीतली पोरं येतात का अजून?" एवारिस्तोंनी विचारलं.

"सगळी येतात. मी इथे आल्यापासून एकालाही परत पाठवलेलं नाही."

"ऐकलंत ना?" झुल्मा खूश झाली. "उगाच घाबरत होतात."

एवारिस्तोंनी मान हलवली. डॉक्टरबाईंनी दहाही बोटं एकेक करून फाकवून बघितली, घाई न करता. मग पाय हळूच खाली ठेवला, शिक्का बाजूला सारला आणि अर्जावर एक शब्द लिहिला.

"बुरशी आहे."

"बुरशी?" झुल्मा पुढे झाली. "अहो बाई, सकाळी मी स्वतः साबणाने धुतलेत. एकेक बेचकं पुसून कोरडं केलंय. जरा नीट बघा."

"झुल्मा, गप्प बस," एवारिस्तो म्हणाले. ते आपल्या स्वच्छ पायांकडे बघत होते.

"नीटच बघितलंय." डॉक्टरबाईंनी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "पुढच्या शनिवारी या. मी आठ शनिवार आले होते, डॉक्टर."