लेन्सची चाचणी

आमच्या दादाकडे फिल्मचा जुना, खिशात मावणारा कॅमेरा होता आणि त्याच्या तीन लेन्स. लेन्स साफ करून झाली की तो बाबांना खिडकीपाशी बसवायचा आणि त्यांच्या हातात पेपर द्यायचा.

"बाबा, जरा वर धरा. अक्षरं किती स्पष्ट येतात ते बघायचंय."

हात भरून येईपर्यंत बाबा पेपर धरून बसायचे. एकदा म्हणाले, "अरे, एखादा माझाही काढ की."

"काढू हो. आधी लेन्सची खात्री होऊ दे."

अशी वीस वर्षं खात्री चालली होती. मग एका सकाळी बाबा गेले.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून दादाने आपले सगळे अल्बम उघडले. प्रत्येक फोटोत उघडलेला पेपर होता आणि त्यामागे बाबा. चेहरा एकाही फोटोत नव्हता.

"पण धार बघ आई," दादा चाचरत म्हणाला, "कोपऱ्यातली बारीक जाहिरातसुद्धा वाचता येते."

आईने चष्मा लावला. पेपरच्या दोन्ही कडांना चार-चार बोटं दिसत होती.

 

"बोटं त्यांचीच आहेत," ती म्हणाली. "हाच मोठा करून आण."