बाजूला व्हा हो!

सुनेचं डोकं कलून खिडकीच्या काचेला टेकलं आणि गाडी धावतच राहिली.

आत्तापर्यंत ती पुढच्या पांढऱ्या गाडीवर तोंडसुख घेत होती. “उजवी लेन ओव्हरटेकपुरती असते, आई. पुढे जायचं आणि डावीकडे परतायचं. याला काय सासऱ्यानं आंदण दिलीय?”

“सासरच्यांना नावं ठेवायची एक संधी सोडू नकोस,” सासूबाई म्हणाल्या होत्या. दोघी हसल्या होत्या. सुनेनं स्टिअरिंगमागची दांडी ओढून दिवे मारले, “ही आपली सभ्य भाषा,” म्हणाली, आणि पुढचं वाक्य तोंडातच विरलं. तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

सासूबाईंना कारण लगेच कळलं. सुनेला मधुमेह होता. सकाळी इंजेक्शन घेऊन ती खायला बसणार, तेवढ्यात त्यांनीच घाई केली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ चुकेल म्हणून. खाऊ की वाटेत, म्हणून.

“ऊठ गं! अगं, ऊठ ना!”

त्यांनी हात लांबवून स्टिअरिंग धरलं. आयुष्यात त्यांनी एकच यंत्र चालवलं होतं, शिवणाचं. पाय उचलला की ते थांबायचं. सुनेचा पाय ओढून काढावा म्हणून त्या वाकल्या. पाय पायडलवर नव्हताच. दोन्ही पाय सीटपाशी सैल पडले होते, आणि तरी वेगाचा काटा जागचा हलत नव्हता.

सुनेनं क्रूझ लावला होता. एकदा वेग ठरवून दिला की पाय न लावताही गाडी तोच वेग धरून राहते. ब्रेक दाबला की ही सोय सुटते, पण ते सासूबाईंना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या पुन्हा वाकल्या तशी गाडी दुभाजकाकडे सरकली. त्या दचकून सरळ झाल्या. गाडी सुरू करायचं बटण त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं. काहीच झालं नाही. धावत्या गाडीत ते दाबून धरावं लागतं.

डावीकडे भरलेल्या ट्रकांची रांग होती. उजवीकडे दुभाजक. समोर ती पांढरी गाडी.

दोन्ही गाड्यांच्या वेगात फरक थोडाच होता. त्यामुळे मधलं अंतर एकदम संपत नव्हतं, आटत होतं. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलेलं फूल आधी ठिपका होतं. आता त्याच्या पाकळ्या दिसू लागल्या.

त्यांना या गाडीतल्या दोनच गोष्टी येत होत्या, हॉर्न आणि ती दांडी. त्यांनी दोन्ही वापरल्या. दिवे, हॉर्न, पुन्हा दिवे. “बाजूला व्हा हो! अहो, पाया पडते तुमच्या, बाजूला व्हा!” बंद काचांच्या आत त्या ओरडत होत्या. हात जोडायलाही हात मोकळा नव्हता.

दोन ट्रकांमध्ये मोठी फट आली. पांढरी गाडी सहज तिच्यात शिरली असती. ती शिरली नाही. दुसरी फट आली, तीही गेली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि तळवा वर-खाली हलला. सावकाश, सावकाश.

“मेल्या, तुझं वाटोळं होवो,” सासूबाई रडत म्हणाल्या. मग सुनेकडे बघून, अगदी हळू, “तू नको गं जाऊस. तू आधी नको.”

त्यांनी पुन्हा दांडी ओढली आणि सोडलीच नाही.

पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लाल झाले.

धडक त्यांना वाटली होती तेवढी मोठी नव्हती. वासरानं ढुशी द्यावी तशी गाडी पुढच्या गाडीला भिडली आणि रेटू लागली. पुढचे लाल दिवे विझले नाहीत. टायर किंचाळले, जळक्या रबराचा वास आत आला. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून घसरत राहिल्या. वेग पडला, क्रूझ आपोआप सुटला आणि रेटा ओसरला. मग सगळं थांबलं.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. त्यानं दार उघडलं, इंजिन बंद केलं, सुनेची मान सावरली. समोरचा चढ जेमतेम दोन ट्रक उभे राहतील एवढाच उरला होता. चढापलीकडे टोलनाक्याची रांग ठप्प उभी होती आणि उजव्या लेनच्या शेपटाला होती शाळेची बस. टोलनाक्यावरची रुग्णवाहिका उलट बाजूनं आली. नर्सनं सुनेच्या हातात सुई टोचून साखरेचं पाणी सोडलं. थोड्या वेळानं सुनेच्या पापण्या हलल्या. तिनं विचारलं, “आई, पोचलो?”

सासूबाईंनी तिचा हात आपल्या गालावर धरला.

पांढऱ्या गाडीचा मालक आपल्या चेपलेल्या डिकीपाशी उभा होता. मध्यम वयाचा, नीटनेटक्या शर्टातला माणूस. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

“मानलं साहेब तुम्हाला!” ट्रक ड्रायव्हर त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. “मी मागून सगळं बघत होतो. स्वतःची गाडी आडवी घालून दोन जीव वाचवलेत. बाजूला झाला असतात तर या थेट त्या बसमध्ये!”

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्या माणसाच्या पायांशी वाकल्या. “देवासारखे धावून आलात,” त्या म्हणाल्या. “आणि मी तुम्हाला शिव्या देत होते.”

तो झटकन मागे सरला. त्यानं त्यांना खांद्यांना धरून उठवलं.

“मावशी, गाडी चालवणारी बेशुद्ध आहे हे मला दिसलंच नव्हतं,” तो म्हणाला. “सारखे दिवे मारत होतात ना, म्हणून तुमची जिरवायला मी ब्रेक दाबला.”